जिन्याखालच्या सरांचं कोठार

जिन्याखालच्या सरांना समोर नवीन काही दिसलं की त्याला हात लावायच्या आधी ते एक प्रश्न विचारत, "याले कोनं बोलावलं?" टेबलावर नवा माउस असो, बशीत एखादं जास्तीचं बिस्किट असो की दारात अनोळखी माणूस उभा असो, प्रश्न तोच आणि आवाजाची पट्टीही तीच. माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी मुलीकडच्या एका भारदस्त, फेटेवाल्या पाहुण्याला असंच विचारलं. तो नवरीचा सख्खा मामा निघाला. मामा लाल झाले. सर मात्र शांतपणे म्हणाले, "नाराज नका होऊ जी. कोनामांगं कोन आलं, थे पाहून राह्यलो होतो." थोड्या वेळाने मामा त्यांच्याच पंगतीत येऊन बसले आणि स्वतःहून सांगू लागले की माझ्यामागे माझे साडू आहेत, साडूंमागे त्यांचे शेजारी, आणि शेजाऱ्यामागे त्यांचा गाडीवाला. सरांना भाजीपेक्षा ही माहिती जास्त गोड लागली असावी.

दारव्ह्यात बस स्टँडवरून बाजाराकडे जाताना एक कृषी केंद्र लागतं. खाली दुकान, वर गोदाम आणि वर जायला बाजूने सिमेंटचा जिना. त्या जिन्याखाली जी तिरकी खोली होती, तिथे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खोलीच्या एका टोकाला उंच माणूस हात वर करून आळस देऊ शकत असे. दुसऱ्या टोकाला बसूनही मान वाकवावी लागे. नवा विद्यार्थी उंच टोकाला बसायचा, कारण तो सारखा उठून प्रश्न विचारणार. जसजसं येत जाईल तसतसं सर त्याला बुटक्या टोकाकडे सरकवत. "आज मी टेबल नंबर पाचवर गेलो" हे आमच्यात परीक्षा पास झाल्यासारखं सांगितलं जाई. शेवटच्या टेबलावर रत्नमाला बसायची. ती डी.एड. करून नोकरीची वाट पाहत घरी होती. तिचे वडील तिला क्लासला पाठवायला तयार नव्हते. सर स्वतः त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि तिला घेऊनच आले.

मी तेव्हा एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर होतो. भरलेली गाडी तोलायची, रिकामी गाडी तोलायची, वजाबाकी करायची, पावती द्यायची. वजन दिसल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवायची सवय मला त्या काट्याने लावली. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. "या काटेवाले भाऊ" म्हणत. ती वर्षं बोंडअळीची होती. हिरव्या बोंडात अळी, फुटलेल्या बोंडात किडका, कवडी कापूस, आणि ढिगासमोर उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचं मी टाळायचो. संध्याकाळी क्लासला जाऊन बसणं ही माझी विश्रांती होती. प्रोग्राम लिहिताना एक बरं असतं: चूक कुठे आहे ते शोधलं की सापडतं.

सरांचं सगळ्यात आवडतं प्रकरण होतं पॅकेज मॅनेजर. हा एक प्रोग्राम असतो. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे, म्हणजे लायब्रऱ्या, तो इंटरनेटवरून आणतो आणि आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये लावून ठेवतो. मी पहिल्यांदा एक साधं पान बनवलं, त्यात गाडीचा नंबर टाकला की वजन दिसेल एवढंच होतं. त्यासाठी मी एक पॅकेज मागवलं आणि फोल्डर उघडून पाहतो तर आत काही शे फोल्डर. मी विचारलं, सर, मी तर एकच मागवलं होतं. सर खूश झाले. मी हे विचारावं म्हणून ते वाटच पाहत असावेत.

"तुम्ही लग्नाचं आवतन एकाले देता," ते म्हणाले, "थो आपल्यासंगं चौघाले घेऊन येते. चौघं आपापल्या मांगं आनिक आनते. पन न बोलावता कोनी येत नाई. ज्याच्या कागदावर नाव, थोच आत."

मग त्यांनी मला प्रत्येक फोल्डरमधला तो कागद दाखवला. प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असते. तिच्यात त्याचं नाव, त्याचं व्हर्जन आणि त्याला कोणाकोणाची गरज आहे ते लिहिलेलं असतं. पॅकेज मॅनेजर एकाचा कागद वाचतो, त्यातल्या नावांना आणतो, त्यांचे कागद वाचतो, आणि असं करत मांडव भरतो. त्या दिवशी सरांनी मला एक फोल्डर निवडायला लावलं आणि तो कोणामागे आला ते उलटं शोधत माझ्या मूळ पॅकेजपर्यंत जायला लावलं. मी पोचलो तेव्हा दुकानवाले भाऊ शटर ओढत होते. काट्यावर वजाबाकी जुळल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

पॅकेजं ठेवायची जुनी पद्धत अशी होती की प्रत्येकाचे पाहुणे त्याच्याच खोलीत, पाहुण्यांचे पाहुणे त्या खोलीतल्या खोलीत. त्यामुळे एकच पॅकेज वीस खोल्यांत वीसदा निजलेलं असे. रत्नमालेने एकदा क्लासच्या विंडोजवाल्या संगणकावरचं असं जुनं फोल्डर काढून टाकायचा प्रयत्न केला, तर संगणक म्हणाला, पत्ता फार लांब आहे, मला काढता येत नाही. ती वैतागली. सर चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "खानदान लांब आहे याचं, पोरी. असं उठवल्यानं उठनार नाई." मग त्यांनी आतल्या फोल्डरांची नावं एका एका अक्षरावर आणली आणि अख्खं खानदान बाहेर काढलं.

नंतरच्या पद्धतीत सगळे एकाच मोठ्या मांडवात बसतात. एकाच नावाचे दोन आले, म्हणजे एकाच पॅकेजची दोन व्हर्जनं आली, तर एक मांडवात बसतो आणि दुसरा ज्याने बोलावला त्याच्या खोलीत जातो. सरांना हा न्याय फार आवडे. घरीही ते तसंच वागत. त्यांच्या दोन बहिणी एकाच वेळी माहेरी आल्या आणि दोघींचं एकमेकींशी जमत नव्हतं, तेव्हा धाकटीला त्यांनी सरळ बाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या खोलीत पाठवलं. कारण तिला बाईंनी बोलावलं होतं. बाई मला म्हणाल्या, "मास्तरकी घरातबी सुटत नाई यांची."

पण आमच्या क्लासची अडचण वेगळी होती. नेट एका डोंगलवर चाले, आणि ते डोंगल खिडकीत एका विशिष्ट कोनात ठेवावं लागे. पॅकेजं उतरता उतरता लाईन जाई. भाऊंच्या दुकानाचं इन्व्हर्टर आम्हाला तासभर पुरे. प्रत्येकाने प्रत्येक कामासाठी तेच तेच पुन्हा उतरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून सरांनी स्वतःच्या संगणकावर एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'कोठार'. त्यात प्रत्येक पॅकेजचं प्रत्येक व्हर्जन एकदाच ठेवलेलं, फोल्डरच्या नावातच व्हर्जनचा आकडा. आमच्या कामांच्या फोल्डरांमध्ये पॅकेज नसेच. नुसती खूण असे, की हा माणूस कोठारात अमुक घरी राहतो. प्रोग्रामला त्यातला फरक कळत नाही. तो खुणेवरून सरळ तिथे जातो आणि काम करून घेतो.

हे सर्व सरांनी हाताने जमवलं होतं. पुढे त्यांच्या वाचनात आलं की जगात कोणीतरी अगदी याच मांडणीचा पॅकेज मॅनेजर बनवून वाटतो आहे. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "मंग आपलं बरोबरच होतं म्हना." आणि दुसऱ्या दिवशी शिकवायला बसले.

कापूस गेला तशी क्लासमधली पोरंही कमी होत गेली. कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणाला घरच्यांनी शेतात बोलावलं. उंच टोकाची टेबलं रिकामी राहू लागली. भाऊंना जिन्याखालची खोली औषधांच्या खोक्यांसाठी हवी होती. भाऊ वाईट माणूस नव्हते. डिसेंबर संपेपर्यंत राहा, म्हणाले. त्यानंतर सरांकडे क्लासला जागा नव्हती. घरी दोनच खोल्या होत्या. बुद्धविहाराच्या गल्लीतलं ते घर बाईंच्या शिवणकामाने आधीच भरलेलं होतं.

त्याच सुमाराला आमच्या जिनिंगच्या शेटजींना टोकनचं सुचलं. सीझनमध्ये गाड्या यवतमाळ रोडवर रांगेत उभ्या राहत, माणसं गाडीखाली झोपत. त्यापेक्षा फोन करून नाव नोंदवायचं, आणि कोणत्या तारखेला कापूस आणायचा ते मोबाईलवर मेसेजने कळायचं. मी शेटजींना सरांकडे आणलं. शेटजी जिन्याखाली वाकून आले, वाकूनच बसले आणि म्हणाले, "सर, सीझनभर हे नीट चाललं, तर काट्यावरची खोली तुमची. क्लास तिथे घ्या, जोपर्यंत मर्जी." काट्याच्या वरची खोली मला माहीत होती. सरळ छताची, दोन खिडक्यांची. शेटजी गेल्यावर सरांनी बुटक्या टोकाकडे एकदा पाहिलं.

टोकनचा प्रोग्राम सर आणि रत्नमाला यांनी मिळून लिहिला. तो क्लासमध्येच, सरांच्या संगणकावरून चालणार होता. दिवाळीआधी आम्ही माझ्या, भाऊंच्या आणि बाईंच्या मोबाईलवर मेसेज पाठवून पाहिले. तारखा बरोबर आल्या. दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली. पहिले काही दिवस रांग दिसलीच नाही. ज्याची तारीख तो यायचा, तोलायचा, जायचा. चहावाला तेवढा नाराज होता.

मग एका सकाळी मी काट्यावर आलो तर गेटसमोर ही गर्दी. काही लोक गाड्या घेऊन आले होते, काही नुसतेच मोबाईल घेऊन. एका म्हाताऱ्या बाबांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना सहा नोव्हेंबरचं टोकन मिळायला हवं होतं. मेसेजमध्ये अकरा जून होतं.

बाबा म्हणाले, "साहेब, अकरा जूनले मी पेरनी करू का कापूस इकू?"

लोक हसले. शेटजी हसले नाहीत. मी मोटारसायकल काढून जिन्याखाली गेलो.

सरांनी मेसेज पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, पण या वेळी संगणकाला. टोकनच्या फोल्डरमध्ये तारखेचं पॅकेज कोणी बोलावलं, त्याची खूण कोठारात कोणत्या घराकडे जाते, आणि मग शेवटचं, जे मला सुचलं नसतं: त्याच घराकडे आणखी कोणाकोणाची खूण जाते. दोन कामं निघाली. एक आमचं टोकन. दुसरं एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं, जे रत्नमाला एकटी करत होती. ते परदेशी पॅकेज महिना आधी आणि दिवस मागून वाचत असे. टोकनच्या प्रोग्राममध्ये सरांनी त्याला तारीख तशीच, ११/६ अशी, लिहून दिली होती. मंगल कार्यालयाच्या मालकाला दिवस आधी लिहायची सवय. तो काही केल्या बदलेना. रत्नमालेने मग सरळ त्या पॅकेजच्याच फाइलमध्ये एक ओळ बदलली. तिला वाटलं, हे माझ्या फोल्डरमधलं आहे. दिसत तर तसंच होतं. आदल्या दिवशी लाईन गेली, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, टोकनच्या प्रोग्रामने पॅकेज नव्याने वाचलं, आणि नोव्हेंबरचा जून झाला.

रत्नमाला स्क्रीनपासून दूर सरकली. जिन्याला डोकं लागलं, तरी हललीसुद्धा नाही.

सर म्हणाले, "विहिरीत गूळ टाकून आपलीच घागर गोड होत नाई, पोरी. सगळ्या गावाचं पानी गोड होते." एवढंच. मग तिलाच पुढे बसवून दुरुस्ती करायला लावली. मूळ पॅकेज पुन्हा आणलं. तिने बदललेल्या प्रतीला कोठारात वेगळं नाव आणि वेगळं घर दिलं, मंगल कार्यालयाची खूण तिकडे वळवली. शेवटी सरांनी कोठाराला कुलूप लावलं, म्हणजे तिथलं वाचता येईल, वापरता येईल, पण बदलता येणार नाही. चहा यायच्या आत नव्या तारखा गेल्या होत्या. सर माझ्यामागे मोटारसायकलवर बसून गेटवर आले आणि दिवस मावळेपर्यंत जुन्या मेसेजवाल्या प्रत्येक माणसाला स्वतः समजावत उभे राहिले. म्हाताऱ्या बाबांची गाडी त्याच दिवशी तोलली.

शेटजी शेवटी बाहेर आले. राग उतरला होता. चूक झाली, पण सुधारली, म्हणाले. खोली देतो. फक्त ज्या पोरीने हे केलं तिला आता कामावर नको. उद्या पुन्हा हात घातला तर गेटवर दगड येतील.

सर म्हणाले, "चूक मांडनीची होती. कोठाराले कुलूप म्या लावाले पाह्यजे होतं, थे लावलं नाई."

शेटजी म्हणाले, ते ठीक, पण पोरगी नको.

"तिले म्या बोलावलं शेटजी," सर म्हणाले. "तिच्या बापाच्या घरी जाऊन बोलावलं. तुमी नाई काढू शकत तिले. मी काढलं तं काढलं, आन मी काढत नाई."

त्यांचा आवाज चढला नव्हता. शेटजी मर्जीचे माणूस; त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि आत गेले. सीझनभर टोकन चाललं, पुन्हा एकही तारीख चुकली नाही, पण काट्यावरच्या खोलीत पुढे सरकीची पोती आली. भाऊ सरांना म्हणाले, "सर, एक पोरगी काही दिस घरी बसली असती तं काय आभाळ कोसळलं असतं? तुमच्याच हातानं छत घालवलं." सर म्हणाले, "छत तिरकं होतं तं आपून वाकत होतो भाऊ. आता नाई वाकलो." भाऊंनी हसून खोलीची मुदत होळीपर्यंत वाढवली. त्यापुढे त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं.

क्लास उठला तेव्हा टेबलं दोन ऑटोंत गेली. नागपूरला सरांचा मुलगा होता. त्याने दोघांना बोलावून घेतलं. स्टँडवर बाई काळीपिवळीत आधी बसल्या. जीप भरायला वेळ होता. सर मला म्हणाले, "काटेवाले भाऊ, कोठाराची एक प्रत रत्नमालेकडं दिली आहे. कुलपासकट." मग आत बसलेल्या एका अनोळखी माणसाला सरकायला सांगून, तो कुठे चाललाय, कोणाकडे चाललाय, हे विचारायला लागले. जीप निघाली तेव्हाही ते त्याच्याशीच बोलत होते.

रत्नमाला आज यवतमाळला स्वतःचं काम करते. तिच्याकडे कामाला दोन मुली आणि एक मुलगा आहे. पॅकेज मॅनेजर तोच वापरतात, कोठाराच्या मांडणीचा. डोंगल कोणत्या कोनात ठेवायचं हे आता कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांच्यातलं कोणी नवं पॅकेज आणलं की ती आधी काय विचारते ते मी ऐकलं आहे. मी काटा सोडला. घरी बसून दोन जिनिंगचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. माझ्या संगणकावर क्लासमधलं ते वजनाचं पान अजून आहे. त्याच्या आतल्या खुणा सरांच्या संगणकावरच्या कोठाराकडे जातात. ते घर आता नाही. खूण मात्र नाव दाखवते आणि मग अडते. बायको म्हणते, चालत नाही तर काढून टाका. मी ठेवलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात रत्नमालेचा फोन आला की सर गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी नागपूरला पोचलो. घरापुढे छोटा मांडव होता, माणसं बसली होती, बहुतेक मुलाच्या ऑफिसातली. बाई आत असाव्यात, बाहेर मला कोणी ओळखत नव्हतं. मी चपला काढत असताना सरांचा मुलगा पुढे आला. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. हात जोडून, अगदी अदबीने त्याने विचारलं, "आपण? माफ करा, आपल्याला कोणी बोलावलं?"

आवाज बापाचा नव्हता. प्रश्न मात्र तोच होता.

"मला रत्नमालेनं कळवलं," मी म्हणालो.

त्याला ते नाव माहीत नसावं. मग सर विचारायचे तसंच त्याने पुढचं विचारलं, "आणि त्यांना?"

"तिला सरांनी बोलावलं होतं," मी म्हणालो.

त्याने बाजूला होऊन मला आत जागा करून दिली.